व्हिटॅमिन डी ९ आलंय, वजन उतरत नाही ते त्यामुळेच का? हॉर्मोनचं नक्की काय असतं?

कोथिंबीर_वडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतीच वाचत असते, आज विचारतेच. वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ७१. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये व्हिटॅमिन डी ९ आलंय, रिपोर्टवर ठळक अक्षरात डेफिशियंट. थायरॉइडचा टीएसएच ४.९, शुगरचा एचबीएवनसी ५.९, हिमोग्लोबिन बरं आहे, कोलेस्टेरॉल काठावर. पाळी हल्ली मागेपुढे होतेय. वजन काही केल्या उतरत नाही आणि जे वाढलंय ते सगळं पोटावर, हातपाय होते तसेच.

तर मी जिथे झुंबाला जाते तिथल्या डाएटिशियन बाई म्हणाल्या की डी एवढं कमी असलं की बॉडी फॅट सोडतच नाही, धरून ठेवते, म्हणून आधी हॉर्मोन बॅलन्स करायचे मग डाएट, नाहीतर उपाशी राहून काही उपयोग नाही. त्यांचं तीन महिन्यांचं पॅकेज आहे, त्यात लेप्टिन, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन अशा सगळ्या टेस्ट धरून. किंमत ऐकून घाम फुटला. नवरा म्हणतो सगळा धंदा आहे, सासूबाई म्हणतात सकाळी कोवळ्या उन्हात बसत जा, आणि रील्स बघावीत तर जो तो सांगतोय की डी हे व्हिटॅमिन नाहीच, हॉर्मोन आहे. कुणाचं खरं मानू? डी भरून काढलं तर पोट उतरतं का?

गोळ्यांचा_डबा

मेडिकलचं दुकान आहे माझं, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. ताई, ९ म्हणजे कमीच आहे, ट्रीटमेंट घ्याच. चिठ्ठीवर बहुतेक वेळा ६० हजार युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल येतं, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, त्यानंतर महिन्यातून एकदा नाहीतर रोजचा छोटा डोस. जेवणानंतर घ्या, थोडं तेल-तूप पोटात असलं की नीट शोषलं जातं. आणि आठवड्याचं औषध रोज घेऊ नका. हसू नका, असे लोक खरंच येतात काउंटरवर, आठवड्यात आठही सॅशे संपवून परत मागायला, का तर म्हणे लवकर भरून निघेल. वजनाचं जाणकार सांगतील, पण नुसतं डी घेऊन बारीक झालेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

डबल_चहा

माझ्या बहिणीचं ८ किलो उतरलं की डी घेतल्यावर! त्याआधी जिम, कीटो, काय काय करून झालं होतं, काटा हलत नव्हता. कनेक्शन आहे नक्की. उगाच प्रत्येक गोष्टीला धंदा म्हणायची फॅशन झालीय.

फिजिओ_मास्तर

मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवतो, पेशंट बघत नाही, त्यामुळे डोस वगैरे मला विचारू नका. पण हा विषय दरवर्षी वर्गात निघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

रीलवाल्यांचं वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या भावकीतलं एक द्रव्य असतं, त्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की डी३ तयार होतं. ते लिव्हरमध्ये जाऊन एकदा बदलतं, तुमच्या रिपोर्टमधला ९ हा त्या रूपाचा आकडा. मग किडनीत आणखी एकदा बदलून कॅल्सिट्रायॉल होतं आणि हे शेवटचं रूप खरोखर हॉर्मोन आहे, त्याचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणं. आता हॉर्मोन म्हटलं की लोकांना लगेच वजनच आठवतं. शरीरात पन्नासेक हॉर्मोन आहेत हो, सगळ्यांनी काय तुमच्या कमरेचा ठेका घेतलाय?

जाड माणसांत डी कमी सापडतं हे मात्र पक्कं आहे, जगात कुठेही मोजा. वाद आहे तो कशामुळे काय होतं याचा. २००० साली बोस्टनमध्ये एक साधाच प्रयोग झाला, जाड आणि सडपातळ लोकांना सारखाच यूव्हीबी दिला आणि रक्तातलं डी३ मोजलं. जाड लोकांत ते ५७ टक्के कमी वाढलं. कातडीतला कच्चा माल दोघांचा साधारण सारखाच होता, म्हणजे तयार होत होतं पण रक्तात येत नव्हतं. डी चरबीत विरघळणारं आहे, ते चरबीत जाऊन बसतं, शिवाय शरीराचा एकूण पसाराच मोठा. एक चमचा साखर कपात घातली तर चहा गोड लागतो, तोच चमचा पातेल्यात घातला तर कळतही नाही, तसं. म्हणूनच जाड माणसाला तीच पातळी गाठायला दुप्पट-तिप्पट डोस लागतो असं २०११च्या एंडोक्राइन सोसायटीच्या (हॉर्मोनच्या डॉक्टरांची अमेरिकन संघटना) गाइडलाइनमध्ये लिहिलेलं होतं.

मग २०१३ साली जनुकं म्हणजे जीन्स वापरून तपासलं, ४२ हजार लोकांचा डेटा. ज्यांच्यात जन्मतःच वजन वाढवणारे जीन्स जास्त त्यांच्यात डी कमी दिसलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकाने वाढला की डी सव्वा टक्क्याच्या आतबाहेर खाली. उलट बाजूने बघितलं, की ज्यांच्यात डी कमी ठेवणारे जीन्स आहेत ते जाड होतात का, तर तसं काही सापडलं नाही. म्हणजे चरबीमुळे डी खाली जातं याला पुरावा आहे, डी कमी म्हणून चरबी चढते याला फारसा नाही. डाएटिशियन बाईंनी गाडी उलटी जुंपलीय.

त्या जे धरून ठेवतं म्हणतात त्यामागे एक थिअरी आहे, अगदीच हवेतलं नाही. डी कमी झालं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन वाढतं, त्यामुळे चरबीच्या पेशीत कॅल्शियम जास्त शिरतं आणि तिथे चरबी साठवण्याकडे कल होतो, असं लॅबमध्ये पेशींवर दिसलंय. पण माणसांना गोळ्या देऊन बघितल्यावर कमरेवर ते उतरलं नाही.

आता डबल_चहांच्या बहिणीकडे येतो. सिएटलला २१८ बायकांवर एक वर्षाची ट्रायल झाली, सगळ्या पाळी गेलेल्या, वजन जास्त, डी कमी. सगळ्यांना सारखंच डाएट आणि व्यायाम, निम्म्यांना रोज २००० युनिट डी आणि निम्म्यांना खोटी गोळी. वर्षाने डीवाल्यांचं ७.१ किलो उतरलं आणि खोट्या गोळीवाल्यांचं ७.४. झालं! आता यातली मेख बघा, ज्यांचं डी ३२च्या वर पोचलं तेवढ्याच बायका वेगळ्या काढल्या तर त्यांचं ८.८ किलो उतरलेलं दिसतं. रील्समध्ये हाच तुकडा फिरतो. पण ज्या गोळी न चुकता घेतात त्या डाएटही न चुकता पाळत असणार, आणि चरबी उतरली की डी आपोआप चढतं, हे त्याच गावातल्या आधीच्या अभ्यासात दिसलेलं, १५ टक्क्यांच्या वर वजन उतरवलेल्या बायकांचं डी सरासरी ७.७ ने वाढलं होतं. मग ८.८ किलो डीमुळे की डी ८.८ किलोमुळे, काय सांगणार?

डबल_चहा

मास्तर, वाचलं सगळं. पण बहिणीचं सांगते ना, तिच्या मांड्या आणि कंबर इतकी दुखायची की जिना चढताना कठडा धरायची. डी घेतल्यावर दोनेक महिन्यांत ते थांबलं आणि मग ती टेकडीवर जायला लागली. यात डीचा हात नाही कसं म्हणता?

फिजिओ_मास्तर

हात आहे, आडवाटेने. डी फार खाली गेलं की हाडं मऊ पडतात, मांड्या-खांद्यांचे स्नायू ढिले होतात, बसलेलं उठवत नाही, जिना नको वाटतो. ते भरून निघालं की माणूस हलायला लागतो. वजन टेकडीने उतरवलं, डीने टेकडीपर्यंत पोचवलं, असं म्हणू हवं तर. ज्याचं डी १८-२० आहे आणि काही दुखत नाही त्याला हा फायदा मिळेलच असं नाही.

चाळिशीपार_एक्स्प्रेस

सगळे डीवर तुटून पडलेत आणि त्या ५.९ कडे कुणाचं लक्षच नाही! अहो कोथिंबीर, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या अलीकडची पायरी. तुमच्या रिपोर्टमध्ये मला तरी तो आकडा डीपेक्षा जास्त खुपतो. वजन आणि हॉर्मोन म्हटल्यावर ज्याचं नाव आधी घ्यायला हवं ते इन्सुलिन, आणि पॅकेजमध्ये बघा लेप्टिन आहे, कॉर्टिसॉल आहे, साधी जेवणानंतरची शुगर आहे का?

मी स्वतः यातून जातेय म्हणून सांगते. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन वरखाली व्हायला लागतं आणि मग उतरतं, तोपर्यंत मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे सरकते. वजन तेवढंच राहिलं तरी परकर-सलवारीची नाडी सैल करावी लागते. हे होतंच सगळ्यांना, त्यासाठी इस्ट्रोजेनची टेस्ट करून काही कळत नाही, या वयात ते आज एक येतं आणि पंधरा दिवसांनी भलतंच. पाळीच्या तारखा लिहून ठेवल्या तर डॉक्टरांना त्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आपल्या लोकांचा तर आणखी एक घोळ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, दोघं शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय २२.३, एकदम नॉर्मल. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! दिसायला बारीक पण आतून चरबीवाला भारतीय, ही त्यांची कल्पना जगभर गेली. पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली तर तीसुद्धा वजनाने कमी पण त्या मानाने चरबी राखून असलेली निघाली. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात आणि बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं, पुरुषांचा ९०. तुमचा बीएमआय साडेएकोणतीसच्या आसपास येतो आणि हातपाय बारीक म्हणताय म्हणजे पोटातली चरबी. तीच इन्सुलिनला जुमानत नाही.

कोथिंबीर_वडी

बापरे, ५.९ बद्दल मला कुणी काहीच बोललं नव्हतं, रिपोर्टवर ते ठळकही नव्हतं! कंबर मोजली आत्ता, ३७ इंच भरली :( म्हणजे ९४ सेंटिमीटर. मग डी घेऊन शुगरला तरी फरक पडतो का? आणि टीएसएच ४.९ चं काय, थायरॉइडमुळे तर वजन वाढतंच ना? शेजारच्या वहिनी म्हणतात गोळी सुरू कर, आपोआप उतरेल. अजून एक, केस गळतात म्हणून मी बायोटिनच्या गमीज खाते, ते चालू ठेवू ना?

फिजिओ_मास्तर

शुगरसाठी २०१९ ची एक मोठी अमेरिकन ट्रायल आहे, प्रीडायबेटिस असलेले २४२३ लोक, रोज ४००० युनिट. डीवाल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी दिसलं पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, म्हणून त्याला सिद्ध झालं म्हणत नाहीत. नंतर अशा दोन-तीन ट्रायल एकत्र करून थोडा फायदा दिसला, त्यामुळे एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये जास्त धोका असलेल्या प्रीडायबेटिसवाल्यांना डी सुचवलंय, पण डाएट-व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नाही. त्याच गाइडलाइनमध्ये धडधाकट माणसाने उगाच डीची टेस्ट करू नये असंही आहे आणि ३० च्या वर पाहिजेच हा त्यांचा जुना आग्रहही सोडलाय. आपल्या लॅबच्या छापील रेंजा अजून ३० वरच आहेत त्यामुळे अर्धा गाव डेफिशियंट निघतो. तुमचं ९ मात्र कुठल्याही हिशोबाने कमीच.

थायरॉइडने वजन वाढतं, पण लोक समजतात तेवढं नाही. चांगला खालावलेला थायरॉइड असला तरी साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातही बराचसा भाग मीठ-पाण्याचा, चरबीचा कमी. ४.९ हे जेमतेम कुंपणाबाहेर आहे. आणि इथेही तीच गंमत, वजन जास्त असलं की टीएसएच स्वतःच थोडा चढतो आणि वजन उतरलं की खाली येतो. दोनेक महिन्यांनी परत करा, सोबत टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) आणि अँटी टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज), १० च्या खाली असला तर बहुतेक डॉक्टर लगेच गोळीची घाई करत नाहीत. वहिनींची गोळी वहिनींना लखलाभ.

गमीजचं बरं झालं विचारलंत! बायोटिनने काही मशीनवरचे रिपोर्ट बिघडतात, टीएसएच खोटा कमी येऊ शकतो, टी४ आणि डीसुद्धा खोटं जास्त दिसू शकतं. पुढच्या टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्यांनाही सांगा. केसांना त्याने काय होतंय हा वेगळा धागा काढा, तिथेही भांडू.

लेप्टिनचं राहिलं. हे चरबीच्या पेशीच बनवतात, मेंदूला कळवायला की साठा पुरेसा आहे, आता खाणं आवरा. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रिडमन यांच्या लॅबने शोधलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपला लठ्ठपणा. मग कळलं की जाड माणसात लेप्टिन कमी नाही, उलट भरपूर असतं, मेंदू ऐकत नाही एवढंच. जन्मतः लेप्टिन नसलेली मोजकी मुलं सोडली तर इंजेक्शन देऊन कुणी बारीक झालं नाही. तुमची टेस्ट केली तर जास्त येईल, हे मी इथे बसून फुकट सांगतो. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं हॉर्मोन, त्याचंही तसंच, अंगावर जांभळे पट्टे, सहज उठणारे काळेनिळे डाग, गोल झालेला चेहरा असं काही असेल तर डॉक्टर त्याची वेगळी टेस्ट करतात, एरवी नुसत्या एका सकाळच्या आकड्याला अर्थ नाही.

लीड्सकर

इंग्लंडमधून लिहितोय, एक गोष्ट सांगायची राहून जातेय. इकडे डी वेगळ्या युनिटमध्ये देतात, नॅनोमोल. भारतातल्या नॅनोग्रॅमच्या आकड्याला अडीचने गुणायचं. आमच्या बाबांचा पुण्याचा २४ आणि माझा इकडचा ४२, आम्ही आठवडाभर समजत होतो की मी बरा आहे, प्रत्यक्षात माझा १७ च्या आत निघाला. फॉरेनचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि सासूबाईंच्या कोवळ्या उन्हाबद्दल, मीही लहानपणी तेच ऐकलं. पण यूव्हीबी सूर्य वर चढल्यावरच खाली पोचतो, तिरप्या उन्हातला बराचसा वरच्या हवेतच अडतो. सोपा नियम, तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च ती वेळच येत नाही, म्हणून सरकारच सांगतं की थंडीभर रोज ४०० युनिट घ्या, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवाल्यांनी वर्षभर घ्यायचा विचार करा. तुम्हाला तिकडे बारा महिने दुपारचं ऊन मिळतं, फुकट!

चाळिशीपार_एक्स्प्रेस

फुकट आहे हो, पण बघा ना, सकाळी सातला बंद कॅबमध्ये, दिवसभर काचेच्या बिल्डिंगमध्ये, काचेतून यूव्हीबी येत नाही, संध्याकाळी अंधारात घरी. स्कूटीवर तर आपण बायका स्कार्फ, हातमोजे, सनकोट घालून दरोडेखोरासारख्या फिरतो. वर धूर आणि धूळ. डबा खाल्ल्यावर बाह्या वर करून गच्चीत वीसेक मिनिटं फिरता आलं तर बघा, एप्रिल-मेमध्ये जरा जपून. खाण्यात डी फारसं नसतंच, अंड्याचा बलक, बांगडा, तारली, आणि दूध घेताना पिशवीवर प्लस एफची खूण बघा, त्यात घातलेलं असतं. शाकाहारी असाल तर उन्हाशिवाय आणि गोळीशिवाय गत नाही.

कोथिंबीर_वडी

अंडं खाते, मासे घरात चालत नाहीत. पॅकेजला नाही म्हणून कळवलं आत्ताच, सोमवारी फॅमिली डॉक्टरांकडे जाते रिपोर्ट घेऊन, ५.९ आधी दाखवते. एक शेवटचं, मावशी म्हणतात सॅशेच्या भानगडीत पडू नको, एक इंजेक्शन घे सहा लाखाचं, वर्षभर बघायला नको. तसं असतं का?

गोळ्यांचा_डबा

असतं, सहा लाख युनिटचं येतं, आणि मागणारेही खूप. पण ज्यांना पोटातून शोषलंच जात नाही अशांसाठी ते डॉक्टर ठरवतात, आपल्या मनाने नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाखाचा डोस देऊन बघितला होता, हाडं मोडू नयेत म्हणून, तर उलट त्या जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही जास्त झाली. शिवाय डी अंगात साचतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान फार लागणं, उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी असं काही झालं तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे. आधी कधी मुतखडा झाला असेल तर सोमवारी तेही सांगा, आणि कॅल्शियमची गोळी सोबत चालू करायची का हेही त्यांनाच विचारा. परत टेस्ट तीन महिन्यांनी, त्याआधी करून पैसे घालवू नका, आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत आणि मग लोक माझ्याशी भांडायला येतात.